लेसोथोची तिजोरी आणि शेजाऱ्याचे शुल्क

महोदय,

प्रादेशिक एकीकरणात छोट्या देशाचा फायदाच होतो, हे विधान सरसकट खरे नाही. चारही बाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला लेसोथो पाहा. तो १९१० पासूनच्या, बाहेरच्या मालावर एकच शुल्क लावणाऱ्या दक्षिण आफ्रिकी सीमाशुल्क संघात आहे. २००२ च्या करारानुसार सीमाशुल्काचे पैसे एका तिजोरीत जमतात आणि संघातल्याच देशांकडून कोणी किती आयात केली, त्या प्रमाणात वाटले जातात. लेसोथोची बहुतेक खरेदी शेजाऱ्याकडून असल्याने त्याचा वाटा आकाराच्या मानाने मोठा पडतो. शिवाय अबकारी करातील १५ टक्के विकासनिधी गरीब सदस्यांकडे थोडा जास्त झुकतो.

पण दुसरी बाजू लेसोथोची राजधानी मासेरूच्या दुकानात दिसते. २०२० मध्ये हाडासह गोठवलेल्या कोंबडीवरील शुल्क ३७ वरून ६२ टक्के झाले. ते दक्षिण आफ्रिकेच्या कुक्कुटपालकांसाठी होते. ब्राझीलचा स्वस्त माल अडला की लेसोथोचा ग्राहक चढ्या भावाने शेजाऱ्याची तंगडी घेतो आणि तो फरक कोणत्याही तिजोरीत न जाता थेट उत्पादकाच्या खिशात जातो.

खरी मेख हिशेबात आहे. वाटप अंदाजावर होते, प्रत्यक्ष वसुलीचा मेळ दोन वर्षांनी लागतो. २००९ च्या मंदीत आयात आटली आणि आधी मिळालेली जादा रक्कम पुढच्या हप्त्यांतून वळती झाली, तीही नेमकी महसूल आटलेला असताना. चांगल्या वर्षातील वाढीव वाटा पगारवाढीत न घालता राखीव ठेवायला हवा. लेसोथोचे चलन लोटी दक्षिण आफ्रिकेच्या रँडशी समान दराने बांधलेले असल्याने अवमूल्यनाचा मार्गही बंद आहे.

– एक वाचक, पुणे