विमान आधी, इंजिन नंतर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळी सुट्टी तोंडावर आली की रेडिओ कंट्रोल विमानांची चौकशी वाढते, आणि पहिला प्रश्न हमखास असतो, 'किती सीसीचे इंजिन घेऊ?' घ्यायचेच तर मोठे घ्यावे, पुढे उपयोगी पडेल, असा बहुतेक पालकांचा हिशेब असतो. तो चुकतो, कारण इंजिनाचा आकार विमानाच्या वजनावरून ठरतो. विमान पक्के होण्याआधी इंजिन घेऊच नये.

शिकाऊ मुलांचे नेहमीचे विमान म्हणजे '40 साइज'चा ट्रेनर. पंख वरच्या बाजूला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण 60 ते 63 इंच, वजन 2.3 ते 2.7 किलो. हा 40चा आकडा इंजिनाच्या आकाराचा, घन इंचातला आहे. 40 म्हणजे 0.40 घन इंच, अर्थात साडेसहा सीसी, आणि 46 म्हणजे साडेसात सीसी. या विमानाला 46चे टू-स्ट्रोक ग्लो इंजिन (तापलेल्या प्लगने मिथेनॉलचे इंधन पेटवणारे) अगदी योग्य. त्याऐवजी 61चे, म्हणजे 10 सीसीचे बसवले, तर नाकावर सुमारे 200 ग्रॅम वाढतात. गुरुत्वमध्य पंखाच्या रुंदीच्या पुढून 25 ते 33 टक्क्यांवर हवा, तो पुढे सरकतो. त्याला मागे आणायला शेपटीत 70-80 ग्रॅम शिसे भरावे लागते. अडीच किलोचे विमान पावणेतीन किलोंच्या वर जाते आणि उतरताना जास्त वेग मागते. नवशिक्याच्या हातात नेमका तोच वेग धोक्याचा.

उलट फार लहान इंजिनही चालत नाही, आणि आपल्याकडे तर नाहीच. पुण्या-नाशिकची उंची साडेपाचशे मीटरच्या पुढे. मे महिन्यात पारा 40 अंशांवर गेला की समुद्रसपाटीच्या 15 अंशांच्या हवेपेक्षा तिथली हवा 13-14 टक्के विरळ असते आणि ताकद जवळपास त्याच प्रमाणात घटते. म्हणून 40 आणि 46 यांत घोळ होत असेल तर 46 घ्यावे. दोन्ही बहुधा त्याच माउंटवर (इंजिन बसवायच्या चौकटीवर) बसतात आणि वजनात फरक थोडाच.

सीसीइतकेच महत्त्व क्रँकशाफ्ट, म्हणजे प्रॉपेलर फिरवणारा दांडा, कशावर फिरतो याला आहे. ओएस कंपनीचे 46 एलए बुशचे (धातूच्या साध्या नळीचे), 46 एएक्स बॉल बेअरिंगचे. बुशचे इंजिन स्वस्त आणि सोशिक. बेअरिंगचे जास्त ताकदीचे, पण मिथेनॉल हवेतले पाणी ओढते आणि कोकणात, मुंबईत ते बेअरिंगला गंज चढवते. दिवसअखेर टँक रिकामा करून, उरलेले इंधन इंजिन चालवूनच संपवून, कार्ब्युरेटरमधून तेलाचे चार-पाच थेंब सोडून प्रॉपेलर फिरवायची शिस्त नसेल, तर बुशचेच बरे.

नवे एबीसी इंजिन (अॅल्युमिनियमचा पिस्टन, क्रोम चढवलेला पितळी लायनर) थंड असताना हाताने फिरवले की पिस्टन वरच्या टोकाला अडकल्यासारखा वाटतो. तो दोष नव्हे. लायनर, म्हणजे सिलिंडरचे आतले अस्तर, वर निमुळता असतो, तापला की फुगून पिस्टनला नेमका बसतो. म्हणून असे इंजिन फार वेळ थंड, अतिरिच (मिश्रणात इंधन फार जास्त ठेवून) चालवून 'रुळवू' नये. पिस्टनला रिंग असलेल्या इंजिनाला मात्र सुरुवातीला रिच मिश्रणच मानवते.

इंधनाचा विचार बहुतेक जण खरेदीनंतर करतात. साध्या उड्डाणाला 80 टक्के मिथेनॉल आणि 20 टक्के तेल पुरते. त्यात 5 टक्के नायट्रोमिथेन असेल तर आयडल (मंद गतीवर चालणे) सुधारते, पण ते महाग असते आणि सहज मिळत नाही. नायट्रो नसेल तर प्लग जरा गरम प्रकारचा, ओएस नंबर 8सारखा, घ्यावा. तेलात डीगम्ड (चिकट गाळ काढलेल्या) एरंडेलाचा वाटा असावाच. मिश्रण लीन होऊन (इंधन कमी, हवा जास्त) इंजिन तापले तरी एरंडेल टिकून वंगण देते. दुचाकीचे टू-टी ऑइल मिथेनॉलमध्ये नीट मिसळत नाही, वेगळे पडते, आणि इंजिन जाम होते. मिथेनॉल हे विष आहे. त्याने दृष्टी जाते, जीवही जातो, आणि ते पेटले तर उजेडात ज्वाळा जवळजवळ दिसत नाही. कॅनवर ठळक अक्षरांत नाव लिहून ते मुलांपासून दूर, कुलपात ठेवावे.

46ला प्रॉपेलर 11x6चा. 6 हा आकडा पिचचा, म्हणजे घसरण धरली नाही तर एका फेऱ्यात 6 इंच पुढे. मिनिटाला 11,000 फेऱ्यांना ताशी सुमारे 100 किलोमीटर होतात, ट्रेनरला ते भरपूर.

आकाशात इंजिन बंद पडले की खापर इंजिनावर फुटते. बहुतेकदा कारण टँकपाशी सापडते. टँकची मध्यरेषा कार्ब्युरेटरच्या निडलच्या (इंधन कमी-जास्त करणाऱ्या सुईच्या) पातळीत किंवा फार तर 1 सेंटिमीटर खाली हवी. टँक फोममध्ये गुंडाळलेला नसेल तर थरथरीने इंधनात फेस होतो. आतल्या नळीला टाचणीएवढे भोक पडले तरी बुडबुडे येतात आणि मिश्रण लीन होते. निडल लावताना पूर्ण थ्रॉटलला सर्वाधिक फेरे मिळाले की दोन-तीन क्लिक मागे घ्यावी आणि विमान घट्ट धरून नाक आभाळाकडे 10 सेकंद ठेवावे. आवाज बसला तर आणखी उघडावी. हे काम प्रॉपेलरच्या मागे उभे राहूनच करायचे, सैल बाह्या आणि गळ्यातला पट्टा दूर ठेवून.

मैदानावर निडल समजणारा जाणकार नसेल, तर नवशिक्याने सरळ इलेक्ट्रिक घ्यावे असे आमचे स्पष्ट मत आहे. ट्रेनरला किलोमागे सुमारे 250 वॉट धरा. अडीच किलोंना सव्वासहाशे वॉट, म्हणजे 4 सेलच्या लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीवर 42 अँपिअर. स्पीड कंट्रोलर (मोटरचा वेग सांभाळणारा) 60 अँपिअरचा घ्यावा, बॅटरी 4000 एमएएचची. थ्रॉटल जपून वापरला तर सात-आठ मिनिटे मिळतात. फोर-स्ट्रोकचा आवाज गोड, पण त्याच कामाला 52-56चे लागते आणि व्हॉल्व्ह जुळवावे लागतात. 20 सीसीची पेट्रोल इंजिने या आकाराच्या विमानांसाठी नाहीतच.

शिबिरे भरवणाऱ्यांना आणि किट विकणाऱ्यांना विनंती आहे की जाहिरातीत नुसते 'इंजिनसह' न छापता विमानाचे वजन, इंजिनाचा आकार, बुश की बेअरिंग, प्रॉपेलरचे माप आणि इंधन कुठे मिळेल हेही छापावे. सुट्टीच्या पुरवणीत आपणही या माहितीचा आग्रह धरावा.

आपले,
पुण्यातील काही एरोमॉडेलर