पाठमोऱ्या बसून माझी पावलं ऐकणाऱ्या फिजिओ मॅडमना

मॅडम,

परवा बॅडमिंटनचे पूर्ण तीन गेम खेळलो. हरलो, तिसरा २१-१९ असा गेला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरताना पहिलं पाऊल टेकवलं आणि काहीच टोचलं नाही, तेव्हा म्हटलं आता लिहायलाच हवं. समोर येऊन आभार मानले असते तर तुम्ही "बरं बरं, पोटरीचे व्यायाम चालू आहेत ना?" एवढ्यावर विषय संपवला असता.

माझं हाड अगदीच फुसक्या कारणानं मोडलं. मागच्या कोपऱ्यातलं शटल डोक्यावरून मारलं, खाली येताना डावं पाऊल बाहेरच्या कडेवर पडलं आणि वळलं. 'कट्' असा आवाजही आला. मुरगळलं असेल म्हणून त्याच पायावर आणखी दोन पॉइंट खेळलो. एक्स-रेत दिसलं की करंगळीच्या मागचं लांब हाड, पाचवं मेटाटार्सल, बुडाजवळ मोडलंय. जोन्स फ्रॅक्चर. पावलात २६ हाडं, त्यातलं नेमकं हेच! तिथं रक्तपुरवठा तोकडा असतो, त्यामुळे ते रडतखडत जुळतं, कधीकधी जुळतच नाही. म्हणून खेळाडूंना बऱ्याचदा स्क्रूच घालतात. माझं प्लास्टरवर निभावलं. सहा आठवडे कुबड्या, पाय जमिनीला टेकवायचा नाही, मग पावलाला आधार देणारा तो जाडजूड बूट. त्या दिवसांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. छताकडे बघत होतो.

तुमच्याकडे आलो तेच फणफणत. फुटबॉलपटू बेकहॅमचं मेटाटार्सल २००२च्या एप्रिलमध्ये मोडलं आणि जूनमध्ये तो वर्ल्ड कप खेळला, हे मी तुम्हाला ऐकवलं. तुम्ही माझ्या पोटरीला टेप गुंडाळत शांतपणे म्हणालात, "त्याचं दुसरं होतं, तुमचं पाचवं आहे. वाचायचंच असेल तर बास्केटबॉलवाल्या केव्हिन ड्युरँटचं वाचा." वाचलं. २०१४मध्ये हेच फ्रॅक्चर, स्क्रू घातला, तरी त्याच मोसमात आणखी दोन शस्त्रक्रिया. नंतर मी बेकहॅमचं नाव काढलं नाही. आणि हो, रॉबर्ट जोन्स या सर्जननं १९०२ साली या फ्रॅक्चरबद्दल लिहिलं, ते नाचताना स्वतःचाच पाय मोडून घेतल्यावर, हेही तुम्हीच सांगितलंत. त्या महिन्यात मी हसलो तो तेवढाच.

टेपवर डावी पोटरी उजवीपेक्षा तीन सेंटिमीटरनं बारीक निघाली. एका पायावर उभं राहून टाच उचलायची, तर उजव्यानं पंचवीस आणि डाव्यानं दोन. दुसरीलाही मी टेबल धरलं होतं, ते तुम्ही मोजलं नाहीत. जमिनीवर पसरलेला टॉवेल बोटांनी गोळा करायचा, हा व्यायाम मला पोरखेळ वाटला होता. चौथ्या फेरीला घाम फुटला.

पण ज्यासाठी हे पत्र लिहितोय ते वेगळंच आहे. तुम्ही मला चालायला सांगायचात आणि स्वतः पाठ करून वहीत काहीतरी लिहीत बसायचात. पहिल्या दिवशी मला रागच आला, बघत पण नाही ही बाई! तेवढ्यात मान न वळवता म्हणालात, "डावा पाय लपवताय." उजवा 'टप्प' वाजत होता आणि डावा नुसताच 'टप'. नंतर मलाही तो फरक ऐकू यायला लागला, घरात, जिन्यात, सगळीकडे.

बाराव्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, "जुळतंय, चालायला हरकत नाही." मी ऐकलं ते 'खेळायला'. गुपचूप कोर्टवर जाऊन वीस मिनिटं खेळून आलो. दोन दिवसांनी तुमच्याकडे आलो, "एकदम मस्त आहे" म्हणालो. तुम्ही विचारलंत, "कधी खेळलात?" मी दारातून खुर्चीपर्यंत आलो होतो, तेवढीच पावलं तुम्ही ऐकली होती. अंगठ्यानं हाडाच्या बुडाशी दाबलंत आणि मी पाय ओढून घेतला. त्याच दिवशी पुन्हा एक्स-रेला पाठवलंत. भेग रुंदावली नव्हती, पण पुरती भरलीही नव्हती. पुन्हा तीन आठवडे बूट.

तुम्ही एका शब्दानं रागावला नाहीत. मी मात्र मित्रांना सांगत सुटलो की फिजिओ फार घाबरट आहे. त्याबद्दल माफी.

पुढचं सगळं तुमच्या चालीनं झालं. एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं. दुखणं दहापैकी दोनच्या आत असलं तर चालेल, पण दुसऱ्या सकाळी वाढलेलं दिसलं तर एक पायरी मागे. मग शटलशिवाय सहा कोपऱ्यांचं फुटवर्क, ज्याच्याइतकं कंटाळवाणं काम जगात नसेल. सगळ्यात अवघड होतं ते छोट्या पायरीवरून डाव्या पायावर उतरणं. हाड भरलं होतं, एक्स-रे स्वच्छ होता, तरी दर वेळी शेवटच्या क्षणी उजवा पाय आधी जमिनीला लागायचा. तुम्ही मला डोळे मिटून नुसता आवाज ऐकायला लावलंत. कितव्या दिवशी जमलं ते तुमच्या वहीत असेल, मला आठवत नाही.

परवा तिसऱ्या गेममध्ये १८-१८ असताना शटल त्याच मागच्या कोपऱ्यात आलं. उडी मारली, मारलं, उतरलो. डाव्यावर उतरलोय हे पुढची सर्व्हिस करताना लक्षात आलं, आणि त्या नादात ती सर्व्हिस नेटमध्ये गेली. म्हणजे हरण्यात तुमचाही थोडा वाटा आहे.

पोटरीचे व्यायाम चालू आहेत. मंगळवारी बुडाले.

तुमचा,
डावा पाय लपवणारा पेशंट