नाव न सांगितल्याबद्दल

काका, नमस्कार.

तळ्याकाठच्या बाभळीखाली बसले होतात, ते तुम्ही. तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे असं उघड पत्र. कोणी ओळखीचं वाचेल आणि तुमच्या कानावर घालेल, एवढीच आशा.

डिसेंबरातली दुपार. एक वाजल्यापासून मी पक्षी बघत बांधाबांधानं हिंडत होते आणि वहीत जेमतेम चार नोंदी होत्या: कोतवाल, साळुंकी, बगळा आणि ‘घार?’. ऊन समोरून, त्यामुळे पाण्यावरचं प्रत्येक पाखरू म्हणजे काळा ठिपका. तुम्ही हाक मारलीत, “ताई, सूर्य पाठीशी घ्या की!” पलीकडच्या काठाला आलो आणि त्याच ठिपक्यांना रंग आले. थापट्या बदकांच्या फावड्यासारख्या चोची, नरांची हिरवी डोकी, वारकऱ्याच्या कपाळावरचा पांढरा टिळा. वारकरी हे बदक नव्हे, तो पाणकोंबडीच्या कुळातला, हे तुम्ही लगेच सांगितलं नाहीत. एक जण काठावर चढला, त्याच्या बोटांना बदकासारखा सलग पडदा नाही, सुट्या पाळ्या आहेत हे मला दिसलं, मग सांगितलंत.

माझी दुर्बीण ८ बाय ४२ची, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं ४२ मिलिमीटरची. दोन वर्षं मला तिच्यातून कडेनं काळ्या चंद्रकोरी दिसायच्या आणि मी दोष स्वतःच्या डोळ्यांना देत होते. चष्मा असेल तर डोळ्यांकडचे रबरी कप आत दाबून घ्यायचे असतात, इतकी साधी गोष्ट! मग उजवी नळी झाकून मधल्या चाकानं फांदी स्पष्ट करायची, नंतर डावी झाकून उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवायची. हे तुम्ही माझ्याकडून दोनदा करवून घेतलंत. (माहितीपत्रकात हे सगळं होतं म्हणे. ते अजून पिशवीतच आहे.)

पण मुख्य आभार वेगळ्याच गोष्टीचे. चिखलावर एक तपकिरी पक्षी सारखा बूड हलवत होता. “धोबी पक्षी,” मी ठोकून दिलं. तुम्ही नाही म्हणाला नाहीत, हो म्हणाला नाहीत. “काय करतोय?” टोचतोय, चालतोय, मागचा भाग खालीवर. “पोटाचं पांढरं कुठवर गेलंय?” मला काहीच कळेना. वीस मिनिटं आपण त्याच्याकडे बघत बसलो. खरं सांगते, राग आला होता. नाव माहीत आहे तर सांगून टाकावं ना! आणि मग ते दिसलं: पोटाचा पांढरा रंग पंखापुढून खांद्याकडे पाचरीसारखा वर चढलेला. तेवढ्यात तो उडाला, पाण्याला अगदी लगटून, ताठ पंख थरथरवत, मध्येच तरंगत. रात्री पुस्तकात चित्र सापडायला मिनिटही लागलं नाही. सामान्य तुतारी. आता ती मला शंभर पावलांवरून, अर्ध्या उजेडातही ओळखू येते.

सूर्य कलला तसे गवतावर भोवत्या, म्हणजे घारीसारखे शिकारी पक्षी, आले, पंख जरासे वर धरून, अगदी खालून गस्त घालत. तीन मोजले, तिन्ही तपकिरी, कमरेवर पांढरा पट्टा. कुठल्या जातीचे, हे विचारल्यावर तुम्ही चक्क हसलात, “माद्या आणि पिल्लं मलाही चकवतात.” मी जवळची वाट म्हणून गवतात शिरणार, तोच तुम्ही काठी आडवी धरलीत. भोवत्या थंडीत जमिनीवरच, गवतात रात्र काढतात. तिन्ही तिथेच उतरले होते. आपण लांबच्या बांधावरून, अंधारात, बॅटरी न लावता परतलो. माझा एक बूट चिखलात भरला.

तुमच्या दुर्बिणीच्या डाव्या नळीत बुरशी धरली आहे, हे मी हातात घेतल्यावर पाहिलं. तुम्ही सगळं एकाच डोळ्यानं बघत होतात तर. माझ्याकडे वडिलांची एक जुनी, स्वच्छ काचांची पडून आहे. पुढच्या दोन्ही रविवारी घेऊन आले होते, बाभळीखाली कोणी नव्हतं. या रविवारी चारच्या सुमारास पुन्हा येते आहे.