मीटर कमी फिरले म्हणून गाडी तरुण नसते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या गाडीच्या छोट्या जाहिरातीत सगळ्यात ठळक असतो तो किलोमीटरचा आकडा. ‘बारा वर्षांत फक्त ३० हजार’ असे वाचले की घेणारा खूश होतो. गाड्यांचे काम करणाऱ्याच्या कपाळाला मात्र आठी पडते. पिस्टन, बेअरिंग, गिअर चालून झिजतात हे खरे. पण रबर, कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव), ब्रेक ऑइल, बॅटरी आणि टायर नुसते उभे राहूनही म्हातारे होतात. आणि जुनी गाडी रस्त्यात दगा देते ती बहुतेक वेळा याच मंडळींमुळे.

सर्वांत महागात पडतो टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातले क्रँक आणि कॅमशाफ्ट एका तालात फिरवणारा पट्टा. गाडीच्या पुस्तिकेत त्यासाठी दोन मर्यादा दिलेल्या असतात, किलोमीटर आणि वर्षे, आणि जी आधी येईल ती पाळायची असते. बऱ्याच गाड्यांत ती ६० हजार ते १ लाख किलोमीटर किंवा पाच-सात वर्षे अशी असते. पहिली सगळ्यांना पाठ असते, दुसरी कुणी वाचतच नाही. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट जागीच थांबतो, पिस्टनला जोडलेला क्रँक मात्र फिरत राहतो. बऱ्याच इंजिनांत पिस्टन वर येण्याची आणि उघडा व्हॉल्व्ह खाली येण्याची जागा एकच असते. तिथे व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवावे लागते. बेल्टसोबत तो ताणून धरणारा टेन्शनर आणि त्याला वाट देणारी आयडलर ही चाकेही बदलावीत. वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर तोही, कारण सहा महिन्यांनी पंप गळू लागला तर तेवढेच सगळे पुन्हा उघडावे लागते. इंजिनात बेल्टऐवजी चेन असेल तर रात्रभर थंड झालेले इंजिन सुरू करून पहिले काही सेकंद कान द्यावा. तेवढीच खडखड येऊन थांबत असेल तर चेन किंवा तिचा टेन्शनर सैल पडला असण्याची शक्यता आहे.

आता गाडी गरम होण्याबद्दल जरा सविस्तर, कारण सगळ्यात जास्त अंदाजपंचे दुरुस्ती इथेच होते. आधी पाहायचे ते तापमानाचा काटा केव्हा चढतो. गर्दीत चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर उतरतो, तर संशय पंख्यावर. इंजिन चालू ठेवून एसी लावावा. बहुतेक गाड्यांत पंखा लगेच किंवा थोड्या वेळात फिरायला हवा. नाही फिरला तर फ्यूज, मग रिले, मग मोटर, या क्रमाने तपासावे. उलट मोकळ्या रस्त्यावर वेगात असताना काटा चढत असेल, तर रेडिएटर तुंबलेला आहे किंवा पंप पुरेसे पाणी फिरवत नाही. काटा वर आणि हीटरमधून मात्र थंड हवा, असे झाले तर कूलंट कमी आहे किंवा आत हवा अडकली आहे.

रेडिएटरचा वरचा होज, म्हणजे रबरी नळी, इंजिन थंड असताना चिमटीत धरून दाबावा. चांगला होज दबतो आणि सोडला की पूर्ववत होतो. आतून कुजलेला लोण्यासारखा मऊ लागतो, वाळलेला दबतच नाही किंवा दाबताना बारीक करकरतो. क्लिपच्या मागे फुगवटा दिसला तर वाट पाहू नये. रेडिएटरच्या झाकणातले रबरही असेच वाळते. हे झाकण आतला दाब धरून ठेवते. १ बार जादा दाबाखाली पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळते. रबर गेले की दाब जातो, पाणी आधीच उकळून बाटलीत फेकले जाते आणि दोष रेडिएटरला मिळतो. झाकण बदलताना त्यावर छापलेला दाबाचा आकडा तोच असावा. आणि ते गरम इंजिनावर कधीही उघडू नये.

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावरच रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप, काढून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे. थर्मोस्टॅट नसेल तर इंजिन हव्या त्या तापमानाला उशिरा पोचते, तोवर इंधन जास्त जळते. शिवाय काही इंजिनांत पाणी रेडिएटरला वळसा घालून फिरत राहते आणि गाडी आणखीच गरम होते. थर्मोस्टॅट तपासणे अवघड नाही. पातेल्यात पाणी घेऊन तो दोरीने अधांतरी सोडावा, शेजारी थर्मामीटर धरावा आणि पाणी तापवावे. त्यावर छापलेल्या आकड्याच्या आसपास, म्हणजे बहुधा ८२ किंवा ८८ अंशांना, तो उघडू लागला पाहिजे आणि आणखी दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडला पाहिजे.

कूलंट भरताना डिस्टिल्ड पाणी वापरावे आणि प्रमाण निम्मे-निम्मे ठेवावे. नळाच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात. रंगावर जाऊ नये. हिरवे किंवा लाल म्हणजे अमुकच असा नियम नाही, पुस्तिकेत दिलेला प्रकार पाहावा. भरल्यावर हीटर पूर्ण गरमवर ठेवून, झाकण उघडे असताना थंड इंजिन सुरू करावे आणि बुडबुडे थांबेपर्यंत भर घालत राहावे. हवा काढायचा स्क्रू असेल तर त्यातून सलग धार आल्यावरच तो बंद करावा.

इथे एक गैरसमज. ऑइल भरण्याच्या झाकणाखाली पांढरट फेस दिसला की ‘हेड गॅस्केट (इंजिन आणि हेडमधला सांधा बंद करणारी पट्टी) गेले’ असे लगेच सांगितले जाते. जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत तो नुसता साठलेला दमटपणाही असू शकतो. गॅस्केटचा संशय खरा कधी? बाहेर गळती नसताना कूलंट कमी होत राहते, इंजिन थंड असताना सुरू केल्यावर मिनिटाभरात वरचा होज टणक होतो, रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे थांबता थांबत नाहीत, तेव्हा. अशी कमी फिरणारी गाडी असेल तर किलोमीटर भरले नाहीत तरी इंजिन ऑइल वर्षातून एकदा बदलावे.

सेल्फ मारताना नुसते कट-कट झाले की बॅटरी बदलून मोकळे होतात. त्याआधी मल्टिमीटर लावावा. काही तास उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ मिळायला हवेत. नाही मिळाले तर बॅटरी भरणारा अल्टरनेटर पाहा. बॅटरी ठणठणीत आणि तरी सेल्फ जड, असे असेल तर मीटरची एक पिन इंजिनच्या उघड्या धातूला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीला लावून दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगावे. ०.३ व्होल्टच्या वर दिसले तर अर्थिंगची केबल किंवा तिचे टोक गंजले आहे. सँडपेपरने घासून पुन्हा आवळले की अनेकदा काम होते.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट ४ प्रतीच्या ऑइलचा उकळबिंदू ताजे असताना किमान २३० अंश असतो, ओलावा शोषल्यावर १५५ पर्यंत उतरू शकतो. लांब उतारावर तापलेल्या ब्रेकमध्ये ते उकळून वाफ होते आणि पेडल अचानक खाली बसते ते यामुळे. दर दोन वर्षांनी बदलावे. टायरवर ‘DOT’ अक्षरांच्या ओळीत (ब्रेक ऑइलच्या ‘डॉट ४’शी त्याचा संबंध नाही) शेवटचे चार आकडे पाहावेत: २३१६ म्हणजे २०१६ मधला तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल असो, बाजूला भेगा असतील तर टायर संपला.

आपल्या जाहिरातींच्या पानावर किलोमीटरशेजारी टायमिंग बेल्ट, कूलंट आणि ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले, एवढ्या तीन तारखांना जागा द्यावी, ही विनंती. बेल्टचे बिल किंवा कव्हरवर तारखेचे स्टिकर नसेल, तर घेणाऱ्याने बेल्ट बदललेला नाही असेच धरावे आणि लांबच्या प्रवासाला निघण्याआधी तो बदलून घ्यावा.

कळावे,
गाड्यांचे काम करणारा एक वाचक