ऑईल पांढरं झालं की लगेच हेड उतरवू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

१ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते आणि १ ऑगस्टपासून बोटी बाहेर पडू लागतात. पुढचे काही दिवस मिरकरवाड्यात माझ्यासारख्या इंजिन मिस्त्रीला जेवायला फुरसत नसते. त्यात एक तक्रार दरवर्षी हमखास येते, ‘ऑईल पांढरं झालंय.’ ऑईलची पातळी बघायची पट्टी काढून बघावी तर ऑईल दुधाच्या चहासारखं दिसतं. तोवर नाखवाला, म्हणजे बोटमालकाला, जेटीवरच कुणीतरी सांगून टाकलेलं असतं की हेड गॅसकेट, म्हणजे सिलिंडर आणि वरचं हेड यांच्यामधली सीलपट्टी, गेली. मग हेड उतरतं, घासून सपाट करायला जातं, नवी गॅसकेट पडते, ऑईल बदललं जातं, आठवडा जातो. बोट बाहेर पडते आणि पुढच्याच फेरीला ऑईल पुन्हा पांढरं. खलाशी बसून, बर्फ वितळून गेलेला आणि डोक्यावर कर्ज. हे बघवत नाही, म्हणून हे पत्र.

माझं म्हणणं एवढंच आहे की पाणी कुठून आलं हे ठरल्याशिवाय पान्याला हात लावू नये. ऑईलमध्ये येणारं पाणी हवेतलं असतं, इंजिन थंड ठेवणाऱ्या टाकीतलं गोडं असतं किंवा ते गोडं पाणी थंड करायला घेतलेलं समुद्राचं खारं असतं. यातलं कुठलं ते कळलं की अर्धं काम झालं. ते कळायला मोठी यंत्रं लागत नाहीत.

आधी हवेतलं घेऊ. बंदीच्या काळात खाडीत नांगरलेल्या बोटींची इंजिनं पुष्कळ जण आठवड्यातून एकदा पाच मिनिटं चालू करतात. हेतू चांगला असतो, पण पावसाळी हवेत थंड इंजिनात ओल धरते आणि पाच मिनिटांत ऑईल एवढं तापतच नाही की ती ओल वाफ होऊन निघून जावी. अशा इंजिनाच्या ऑईल भरायच्या झाकणाखाली पिवळट पांढरी साय धरलेली दिसते, मात्र पट्टीवरचं ऑईल स्वच्छ आणि पातळी होती तिथेच असते. तसं असेल तर घाबरायचं कारण नाही. इंजिन लोडवर तास-दोन तास चालवा, पाण्याचा काटा ८० अंशांच्या आसपास येऊ द्या, साय जाते. इथे हेड खोलणं म्हणजे निव्वळ पैशाचा चुराडा.

पट्टीवरचं ऑईलच पांढरं असेल आणि पातळी चढली असेल तर गोष्ट वेगळी. आता हेडर टाकी, म्हणजे त्या गोड्या पाण्याची टाकी, बघायची. इंजिन पूर्ण थंड असताना झाकण काढा. पाणी कमी होतंय का? रोज टाकीत भर घालावी लागते का? पाण्यावर ऑईलचा तवंग आहे का? टाकी कमी होत असेल तर गोडं पाणी ऑईलमध्ये जातंय; गॅसकेट, चिरलेलं हेड, लायनरच्या (सिलिंडरच्या आतल्या नळीच्या) रबरी ओ-रिंगा किंवा पाण्यानं ऑईल थंड करणारा ऑईल कूलर, यांपैकी काहीतरी. तवंग दिसला तर माझा पहिला संशय कूलरवर जातो. इंजिन चालू असताना ऑईलचा दाब पाण्यापेक्षा जास्त असतो, तेव्हा ऑईल पाण्यात शिरतं. इंजिन बंद झालं की उलट होतं, पाणी ऑईलकडे झिरपतं. रात्रभर उभ्या बोटीची पातळी सकाळी वाढलेली का दिसते, त्याचं एक कारण हे आहे.

गोड्या पाण्याची वाट शोधायला टाकीच्या तोंडाला हातपंप लावून, झाकणावर लिहिलेला असतो तेवढाच दाब द्यावा आणि अर्धा तास काट्यावर नजर ठेवावी. काटा उतरला तर डिझेल फवारणारी सगळी नोझल काढून इंजिन हातानं फिरवायचं. स्टार्टर मारायचा नाही, कारण सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. एखाद्या भोकातून पाणी उडालं तर हेडकडे बोट दाखवता येतं. नाही उडालं तर आधी कूलर सोडवा, ऑईलची बाजू बंद करून हवा भरा आणि पाण्याच्या ड्रममध्ये बुडवा. गळका असेल तर बुडबुडे येतातच. तोही धड निघाला तर मग लायनरच्या ओ-रिंगा.

आता खारं. गेल्या हंगामातली एक सहा सिलिंडरची बोट सांगतो. ऑईल पांढरं, पट्टीवर दोन बोटं पातळी जास्त, आणि हेडर टाकी काठोकाठ, म्हणजे गोडं पाणी कुठे जात नव्हतं. नाखवाला गॅसकेट बदलायचा सल्ला आधीच मिळालेला होता. मी इंजिन रात्रभर तसंच ठेवायला सांगितलं. सकाळी चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑईलच्या भांड्याचा, ड्रेन नट अलगद सैल करून पहिली धार काचेच्या बाटलीत घेतली, तर आधी पाणीच आलं आणि मग ऑईल. त्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकताच दाट पांढरा साका बसला. शाळेच्या प्रयोगशाळेत मिठासाठी हीच चाचणी असते. नळाच्या पाण्यात नुसता धुरकटपणा येतो, समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यामुळे फरक डोळ्यांना दिसतो. मग समुद्राचं पाणी ओढणारा रॉ वॉटर पंप बघितला. या पंपात पाण्याचं सील आणि ऑईलचं सील यांच्यामध्ये खाली एक बारीक भोक असतं. पाण्याचं सील फाटलं तर पाणी त्या भोकातून बाहेर टपकावं आणि आपल्याला कळावं, एवढ्यासाठीच ते ठेवलेलं असतं. या पंपाचं भोक बंदीतल्या रंगकामात ऑईलपेंटनं बुजलं होतं. पाण्याला बाहेर वाट नाही, म्हणून ते टायमिंग गिअरकडून चेंबरमध्ये उतरत होतं. सील बदललं, भोक तारेनं मोकळं केलं. हेडला हात लावावा लागला नाही.

पाणी थोडं असलं तर ते ऑईलमध्ये असं मिसळतं की डोळ्यांना दिसत नाही. तेव्हा स्टोव्हवर तवली तापवून एक-दोन थेंब ऑईल टाकावं, तोंड लांब ठेवून. चांगलं ऑईल नुसतं पसरतं, पाणी असेल तर तडतडतं. आणि पातळी चढली म्हणजे पाणीच, असंही नाही. ऑईल काळंच आहे, पातळ झालंय आणि डिझेलचा वास येतोय, तर ती डिझेलची गळती. तिचा उपाय निराळा.

तांडेलांना (बोट चालवणाऱ्या प्रमुखांना) आणि इंजिन ड्रायव्हरना कळकळीची विनंती आहे. समुद्रात असताना पट्टीवर पांढरं दिसलं तर इंजिन रेटू नका, शक्य असेल तर दुसऱ्या बोटीला दोर द्या. खारं पाणी मिसळलेलं ऑईल बेअरिंगला पोसत नाही, खातं. गळती बंद केली की त्याच दिवशी ऑईल काढा, स्वस्तातलं नवं भरून थोडा वेळ चालवा, पुन्हा काढा, स्वच्छ येईपर्यंत हे करा आणि दर वेळी फिल्टर बदला. काढलेलं ऑईल बंदरात ओतू नका, तिथेच आपली मासळी उतरते.

मच्छीमार सहकारी संस्थांनी एक हातपंप, काचेच्या बाटल्या आणि सिल्व्हर नायट्रेटची कुपी प्रत्येक बंदरावर ठेवावी, याला फार खर्च नाही. सोडियम आणि मॅग्नेशियम दोन्ही वाढलेले आहेत का, एवढं ऑईलच्या नमुन्यावरून सांगणारी सोय रत्नागिरीतच झाली तर खाऱ्या पाण्याचा निकाल लगेच लागेल. शिरगावचं मत्स्य महाविद्यालय हाकेच्या अंतरावर आहे, त्यांनी हे मनावर घ्यावं. मत्स्यव्यवसाय विभागाच्या प्रशिक्षण केंद्रांत डिझेल इंजिनाची देखभाल शिकवतात. तिथे या विषयाला दोन दिवस द्यावेत, तेही बंदीच्या काळात, म्हणजे ड्रायव्हर मंडळींना बसता येईल. रत्नागिरीत असा वर्ग भरणार असेल तर मी विनामोबदला येईन. फुटलेले कूलर आणि गेलेली सीलं माझ्या शेडमध्ये ढिगानं पडली आहेत, ती सोबत आणीन.

आपला,
एक इंजिन मिस्त्री
मिरकरवाडा, रत्नागिरी