आधी आलो तरी नंबर मागे का?

ती. बाबा आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

बाबा, काल फोनवर तुम्ही फार चिडला होता. आईचा हात मोडलेला, चिठ्ठी तुमची आधी निघालेली, अन् डॉक्टरांनी मागून आलेल्या माणसाला सरळ आत नेलं. आई कळवळत होती, तिच्याशी कोणी दोन शब्द बोललं नाही, याचं मलाही वाईट वाटलं. ते बोलायलाच पाहिजे होतं. पण त्या माणसाला आधी घेतलं, हे बरोबर केलं. मी नागपूरला दवाखान्यात कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागातच ड्युटी करते, म्हणून सांगते.

तिथे नंबर चिठ्ठीवर लागत नाही, जिवाच्या धोक्यावर लागतो. आल्या आल्या नाडी, बीपी, श्वास, ऑक्सिजन बघून कोण थांबू शकतं ते ठरवतात. मोडलेला हात कितीही ठणकला तरी बहुतेक वेळा थोडा थांबू शकतो. छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी मात्र दहा मिनिटांत निघायला हवा. लकव्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येतं, अन् त्याआधी डोक्याचा सीटी स्कॅन लागतो. आपल्या गावाहून सीटी असलेल्या दवाखान्यात पोचेपर्यंतच किती वेळ जातो! म्हणून तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर सकाळच्या एसटीची वाट बघायची नाही. 108 ला फोन लावायचा, अन् माणूस शेवटचा धड कधी होता ती वेळ ध्यानात ठेवायची. डॉक्टर पहिले तेच विचारतात.

बाबा, तुम्हाला शुगर आहे. शुगरवाल्याला हार्ट अटॅकमध्ये छाती दुखेलच असं नाही. नुसता दरदरून घाम, दम, जीव घाबरा होणं, एवढंच असू शकतं. तेव्हा 'गॅस झाला' म्हणून सोडा पिऊन पडून राहू नका. दवाखान्यात गेल्यावर पहिल्याच वाक्यात शुगर आहे हे सांगा, गोळ्यांची पाकिटं दाखवा. डॉक्टर हो म्हणेपर्यंत चहा-पाणीसुद्धा नको.

कपाशीवर फवारणी सुरू झाली की माझा जीव टांगणीला लागतो. सालदाराला मळमळ, घाम, अंधारी आली तर त्याचे कपडे काढा, अंग साबणानं धुवा अन् फवारणीच्या औषधाचा डबा दवाखान्यात सोबत न्या. लेबल पाहून उपचार ठरवायला मदत होते. साप चावला तर पाय करकचून बांधू नका, चिरा देऊ नका, मांत्रिकाकडे जाऊ नका. सापाचं इंजेक्शन सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. विषाच्या केसमध्ये पोलिसांकडे नोंद जाते, ती नियमाची असते. तिच्या भीतीनं काही लपवू नका.

आई, प्लास्टरमधली बोटं थंड किंवा निळी पडली, मुंग्या आल्या, ठणका वाढला, तर दिलेल्या तारखेपर्यंत थांबू नकोस. रात्र असली तरी बाबांना उठव, अन् दारातच सिस्टरला हे सांग.

तुमची,
मोठी