तपासणीच्या दिवसापर्यंत थांबू नका

मा. संपादक,
स. न.

इंदूरजवळ पिथमपूरला 2007 साली ‘बाहा एसएई इंडिया’ ही अभियांत्रिकी विद्यार्थ्यांची गाड्या बांधण्याची स्पर्धा सुरू झाली. विद्यार्थ्यांनी बांधलेल्या गाड्यांची चार तासांची शर्यत सगळ्यांना आठवते. मला तिच्याआधीची तांत्रिक तपासणी मोठी वाटते. रोल केजचे, म्हणजे गाडी उलटली तर चालकाला वाचवणाऱ्या पाइपच्या सांगाड्याचे जोड बघायचे, ब्रेक दाबताच चारही चाकं लॉक होतात का पाहायचं, चालक पाच सेकंदांत पट्टा सोडून बाहेर येतो का ते मोजायचं. हे काम उद्योगांतले अभियंते स्वयंसेवक म्हणून करतात.

माझी सारी नोकरी वेल्डिंग तपासण्यात झाली. वरून सुबक दिसणारा जोड आतून धरलेलाच नसतो, हे पुस्तकातून उमगत नाही. नमुना कापून हातात दिला की लगेच कळतं. पण ऐन तपासणीत दोष निघाला तर पोरं रात्रभर ग्राइंडर घेऊन बसतात, आणि ते बघवत नाही.

म्हणून इंदूरच्या निवृत्त अभियंत्यांना माझी कळकळीची विनंती आहे, पाइप कापण्याआधीच कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये जा. डिझाइन मुलांचंच राहू द्या, वेल्डिंगची टॉर्च त्यांच्याच हातात असू द्या; आपण फक्त प्रश्न विचारायचे. माझे शनिवार मी यासाठी मोकळे ठेवले आहेत.

– एक निवृत्त अभियंता, सुदामा नगर, इंदूर